दोनदा धुतलेले पाय

आमच्या चर्चमध्ये गरिबांचे पाय दोनदा धुतले जातात. एकदा देवासमोर, आणि त्याआधी एकदा माझ्यासमोर.

पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी पाळक बारा जणांचे पाय धुतात. प्रभूने आपल्या शिष्यांचे धुतले होते, म्हणून. हे बारा जण भिंतीपलीकडच्या वस्तीतलेच असायला हवेत असा आमच्याकडचा रिवाज आहे, कारण स्वतःच्याच मंडळीतल्या गुबगुबीत पायांवर पाणी घालण्यात नम्रता ती कसली! पण वस्तीतले पाय म्हणजे वस्तीतलेच पाय. ते तसेच वेदीपर्यंत आले तर गालिचा जाणार, पाळकांच्या पांढऱ्या झग्यावर शिंतोडे उडणार, पहिल्या बाकावरच्या बायका नाकाला रुमाल लावणार. म्हणून त्या दिवशी दुपारी बाराही जणांना चर्चच्या मागच्या नळावर बोलवायचं, टाचा घासायच्या, नखं कापायची, पाय लख्ख करून त्यांना नव्या चपला द्यायच्या. मग संध्याकाळी पाळकांनी त्या स्वच्छ पायांवर चांदीच्या सुरईतून पाणी सोडायचं आणि सगळ्यांनी डोळे पुसायचे.

ही दुपारची घासाघीस माझ्याकडे असते. मी शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाले, नवरा देवाघरी गेला, मूलबाळ नाही. अशा बाईला मंडळीत कामाचा तुटवडा कधी पडत नाही. सगळे मला बाई म्हणतात, आणि माझा स्वभाव तिखट आहे असंही म्हणतात. दोन्ही खरं आहे.

जागा कशी आहे ते सांगते. मधे चर्च, त्याला लागून एक गल्ली, गल्लीत आम्हा मंडळीतल्या लोकांची सहा घरं. या सगळ्यांना चर्चच्या बोअरचं पाणी, टाकीतून नळाने थेट स्वयंपाकघरात येतं. इतकं गोड पाणी की पाहुणे बाटल्या भरून नेतात. गल्लीच्या टोकाला उंच भिंत, आणि भिंतीपलीकडे वस्ती. तिथे नगरपालिकेची पाण्याची लाइन आहे, पण ती गटारातून गेलेली आहे आणि जागोजागी फुटलेली आहे. दाब कमी झाला की गटार पाइपात शिरतं. मग नळाला चहाच्या रंगाचं पाणी येतं, आणि वास तर सांगायलाच नको.

आधीचे पाळक होते तेव्हा त्यांनी भिंतीत एक छोटं लोखंडी फाटक बसवलं होतं. वस्तीतल्या बायका त्यातून येऊन मागच्या नळावर प्यायचं पाणी भरायच्या. कधी भांडणं व्हायची, चिखल व्हायचा, पण चाललं होतं. यंदा ते पाळक निवृत्त झाले, नवे आले, आणि नव्या पाळकांची बॅग उघडायच्या आत चर्चच्या पंचांनी ठराव केला. फाटकाला आणि नळाला, दोन्हीकडे कुलूप.

पंचांचा अध्यक्ष म्हणजे माझा धाकटा भाऊ. बाकीच्यांचा अध्यक्षसाहेब, माझा छोट्या. आता दारातून तिरकं वळून आत यावं लागतं त्याला, पण पडलेलं नाव कोण काढणार? आई गेली तेव्हा तो पाटीवर रेघोट्या ओढत होता. त्याचं नाक पुसण्यापासून त्याच्यासाठी मुलगी बघण्यापर्यंत सगळं मी केलं. मोठा होऊन त्याने इमारती बांधायचा धंदा काढला, देवाच्या कृपेने पैसा आला, आणि गल्लीतलं सगळ्यात मोठं घर त्याचं झालं. हात सैल आहे त्याचा. वस्तीत ब्लँकेटं वाटतो, औषधांना मदत करतो. दुष्ट माणूस नाही. दुष्ट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

मला कुलपाची झळ कळली ती इस्त्रीवालीमुळे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिचं टेबल असतं, राहायला ती वस्तीत. सहाही घरांचे कपडे तीच करते. हाताने इस्त्री आणि तोंडाने सगळ्या जगाचा समाचार. पण त्या महिन्यात ती गप्प झाली होती. तिची लेक बाळंतपणाला आली होती, बाळंत झाल्यावर तापाने फणफणली आणि तिचं दूध आटलं. बाळाला पावडरीचं दूध सुरू झालं. पावडर डॉक्टरांनी दिली, पण ती कालवायची कशात? त्याच चहाच्या रंगाच्या पाण्यात. बाळाला जुलाब लागले. दवाखान्यात ठेवलं, बरं झालं, घरी आलं, पुन्हा लागले.

"उकळत नाहीस का गं?" मी विचारलं.

"उकळते की बाई. उकळलं की किडे मरतात. गटार थोडंच मरतं?"

मी त्याच सकाळी छोट्याकडे गेले. तो नाश्ता करत होता. स्वयंपाकघरात त्याचा मोठा फिल्टर घुरघुरत होता. मुळात गोड असलेलं पाणी आणखी गोड करायचं ते यंत्र, आणि त्यासाठी निम्मं पाणी एका बारीक नळीतून दिवसभर मोरीत सोडत राहायचं. मी त्या नळीकडे बघत उभी राहिले.

"छोट्या, मागच्या नळाला कुलूप कशाला?"

"पंचांचा ठराव आहे ताई."

"पंच म्हणजे तू."

"सात जण आहेत पंच."

"हो, आणि त्यातले सहा तुझ्या तोंडाकडे बघून हात वर करतात."

तो हसला. माझ्या बोलण्याचा त्याला राग येत नाही, तेवढी सवय मी लहानपणीच लावली आहे. त्याने हात धुतले आणि मला समजावायला बसला. बोअरची पातळी खाली गेली आहे. सहा घरं, चर्च, बाग, आणि वर अख्खी वस्ती, एवढं ओझं ती पेलणार नाही. उद्या बोअर आटली तर त्यांनाही नाही आणि आपल्यालाही नाही. शिवाय लाइन दुरुस्त करणं नगरपालिकेचं काम. आपण पाणी देत राहिलो तर नगरपालिका कशाला हलेल? ऐकायला अगदी बरोबर वाटत होतं. छोट्याचं सगळंच ऐकायला बरोबर वाटतं, म्हणून तर तो अध्यक्ष आहे.

"बोअरची एवढी काळजी आहे तर बाग बंद कर. हा फिल्टर बंद कर," मी म्हटलं.

"ताई, तू पण ना..."

"बरं, नगरपालिका हलेपर्यंत ते बाळ काय पिणार?"

"बाळासाठी तू दे ना तुझ्या घरून. बाटलीभर पाण्याला कोण नाही म्हणतंय? पण सगळ्यांचा भार आपण घ्यायचा का? आपण चर्च चालवतोय, पाणीपुरवठा खातं नाही."

त्या दिवसापासून इस्त्रीवाली माझ्याकडून बाटली भरून न्यायला लागली. दोनचार दिवस गेले आणि बाळ पुन्हा दवाखान्यात. या वेळी सलाइन. मी चिडले. म्हटलं, एवढं चांगलं पाणी देते, तर करतेस काय त्याचं? तिने इस्त्री बाजूला ठेवली. मग म्हणाली, "बाई, बाटली घेऊन गल्लीत शिरले की दारादारात पोरं उभी. त्यांचीही पोटं तीच आणि पाणीही तेच. एकीला घोटभर देते, दुसरीला नाही कसं म्हणू? पदराखाली लपवून नेऊन बघितलं. चोरी केल्यासारखं वाटलं. बाळापर्यंत पोचेस्तोवर बुडाशी राहतं, मग त्यात आमचं मिसळते."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. बाटलीभर दया करून मी मोकळी झाले होते, आणि तिला मात्र रोज घर आणि शेजार यांत निवड करायला लावत होते. आपल्या नळाला पाणी येतं यात माझं कर्तृत्व काय, तर मी भिंतीच्या अलीकडे राहते. बस्स, एवढंच. बुधवारी बाळ घरी आलं तेव्हा दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं होतं, आता पुन्हा असं झालं तर आमच्या हातात काही नाही.

आणि दुसऱ्या दिवशी गुरुवार. पाय धुण्याचा.

छोट्याने सकाळी किल्ल्या आणून दिल्या. "पाय धुऊन झाले की लगेच कुलूप लाव ताई. नाहीतर भांडी घेऊन येतील."

"हो, येतील खरं," मी म्हटलं.

दुपारी बारा जण आले. एक म्हातारा हमाल, दोघे रस्ता झाडणारे, एक बिगारी, भंगार गोळा करणाऱ्या बायका, असे सगळे. शेवटी इस्त्रीवाली, कारण नव्या चपला मिळतात. मी साबणाची वडी पिशवीतून काढली नाही. नळ उघडला आणि म्हटलं, "आज पाय धुवायचे नाहीत. जा, घरून भांडी घेऊन या. शेजाऱ्यापाजाऱ्यांना पण सांगा."

कोणी हलेना. हमालाने डोकं खाजवलं. "आणि चपला?"

"चपला पण मिळतील हो, आधी पाणी भरा!"

मग जे लोक आले! बादल्या, कॅन, हंडे, रंगाचे धुतलेले डबे, एका पोरीने तर कुकर आणला होता. मी नळापाशी उभी राहून शाळेसारखी रांग लावली. मधे घुसणाऱ्याला धपाटा, दमलेल्याला सावलीत बसायला जागा. टाकीचं पाणी भराभर उतरत होतं आणि माझ्या मनाला एक वेगळीच गुदगुली होत होती. चर्चची घंटा झाली तेव्हा शेवटची भांडी भरून चालली होती. बारा जणांचे पाय मात्र होते तसेच. वस्तीतल्या बोळांत गटाराचं पाणी साचलेलं असतं, त्यातून दहादा येजा करून घोट्यापर्यंत काळे झालेले.

"चला आत," मी म्हटलं.

"असेच?" इस्त्रीवालीने पायांकडे बघितलं.

"पाय धुवायलाच बोलावलंय ना तुम्हाला? धुतलेले पाय कशाला धुवायचे?"

ते बारा जण गालिच्यावरून चालत गेले आणि खुर्च्यांवर जाऊन बसले. प्रत्येकाच्या मागे पावलं उमटली. नवे पाळक वयाने लहान, पहिलीच मंडळी, मिशीही धड फुटलेली नाही. हातात सुरई घेऊन ते हमालासमोर गुडघे टेकून बसले आणि खाली बघताच थबकले. मग त्यांनी मान वर करून बाकांवर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मी पापणीही हलवली नाही. धुवा, म्हटलं मनात. हेच तर काम आहे.

त्यांनी पाणी ओतलं. दर वर्षी एका तसराळ्यात बाराही जणांचं भागतं. यंदा हमालाच्या पहिल्या पायालाच ते काळं झालं. दुसरं पाणी आणलं, तेही गेलं. वास पसरला. पहिल्या बाकावरचे रुमाल बाहेर आले, आणि माझी भावजय, म्हणजे छोट्याची बायको, खोकायला लागली. पाळकांनी झग्याच्या बाह्या वर सारल्या, हमालाची टाच हातात धरून चोळली, पण मळ काही निघेना. मग उपासनेच्या ऐन मध्यात ते सरळ सगळ्यांना विचारते झाले, "साबण आहे का कोणाकडे?"

पोरं फिस्सकन हसली. मी उठले, पिशवीतली वडी घेऊन वेदीपाशी गेले आणि त्यांच्या हातात दिली. "घ्या. टाचा आधी भिजवा, मग घासा."

"बरं बाई," पाळक म्हणाले, आणि खरोखर तसंच करायला लागले. एकेक पाय, एकेक बोट. पांढरा झगा गुडघ्यापर्यंत काळा झाला. वाचायचा धडा राहिला, गाणं राहिलं. त्या पोराच्या कपाळावर घाम आला होता आणि तो हे सगळं मनापासून करत होता. मला वाटलं, याला उगाच पोरगं म्हणतेय मी.

इस्त्रीवाली सर्वांत शेवटी होती. पाळक तिच्यापाशी आले, तशी तिने पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि कमरेची पिशवी उघडली. आतून बाळाची दुधाची बाटली काढली, झाकण काढलं आणि पुढे धरली.

"साहेब, माझे पाय राहू द्या. ते उद्या पुन्हा मळणारच आहेत. हे पाणी बोअरचं आहे ना? यात घाला. दुपारभर शेजाऱ्यांचे हंडे वाहिले, ही बाटली भरायची राहिली. लेकीचं बाळ उपाशी आहे."

पाळकांनी सुरई तिरकी केली. बाटलीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला असेल. बाटली भरली तरी ते ओतत राहिले, पाणी तिच्या मांडीवर सांडलं. मी रडले. लपवण्यासारखं त्यात काही नाही. तेवढ्यात छोट्या पहिल्या बाकावरून उठला आणि मोठ्याने म्हणाला, "गीत घ्या, गीत!" गाणं सुरू झालं, पण एकालाही सूर सापडेना.

बाहेर पडताना त्याने दारातच हात पुढे केला. "किल्ल्या, ताई."

मी दिल्या.

"देवाच्या घरात तमाशा केलास."

"मी कुठे काय केलं? पाय तर पाळकांनी धुतले."

"मंडळीला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

"कमाल आहे तुझी छोट्या. कुलूप लावताना तुझी मान खाली गेली नाही, आणि काळे पाय बघून गेली?"

तो किल्ल्या खिशात टाकून निघून गेला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. आमच्याकडे त्या दिवशी वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मंडळीतले सात जण बोलतात. पाचवा उद्गार तहानेचा, आणि तो गेली अनेक वर्षं छोट्याकडे असतो. याही वर्षी तो उभा राहिला आणि प्रभूच्या कोरड्या पडलेल्या ओठांबद्दल बोलला. चांगला बोलला, लोक हेलावले. अधूनमधून तो समोर ठेवलेल्या सीलबंद बाटलीतून घोट घेत होता. मी शेवटच्या बाकावर बसून त्याच्याकडे बघत होते. वाटलं, हा खोटं बोलत नाहीये, हेच तर कठीण आहे. त्या तहानेसाठी याचा जीव खरंच तुटतो. भिंतीपलीकडची तहान मात्र त्याला नगरपालिकेचा विषय वाटते.

घरी आले आणि बागेचा लांब पाइप काढला. माझं घर गल्लीत शेवटचं, भिंतीला चिकटून. पाइपाचं एक टोक स्वयंपाकघरातल्या नळाला बांधलं, दुसरं खिडकीतून भिंतीवरून पलीकडे सोडलं आणि इस्त्रीवालीला हाक मारली. "धर गं! आता बाटली नाही, पाइप आहे. लपवायचं काही कारण नाही."

पलीकडून एकच कल्ला झाला. संध्याकाळपर्यंत माझ्या खिडकीखाली जत्रा भरली होती आणि मी स्टुलावर बसून नळ सांभाळत होते. गल्लीतल्या घरांचे पडदे हलत होते, पण तोंडावर कोणी काही बोललं नाही. मी एकेकाळी त्यांच्या पोरांचे कान पिळले आहेत, त्यामुळे सहसा कोणी माझ्या वाटेला जात नाही.

शनिवारी सकाळी प्लंबर आला. हा माझाच विद्यार्थी. अपूर्णांकांनी त्याला फार छळलं होतं. पाना मागे लपवून दारात उभा राहिला.

"बाई, साहेबांनी सांगितलंय..."

"माझं कनेक्शन तोडायला ना? तोड."

"मला नाही करवत, बाई."

"अरे, तुझं पोट आहे त्यावर. तू नाही केलंस तर दुसऱ्याला आणतील आणि तो पाइप फोडून ठेवील. तू नीट करशील. चल, लाव पाना."

त्याने खाली मान घालून व्हॉल्व्ह बंद केला. छोट्या स्वतः बाहेर, माझ्या घराच्या फाटकापाशी उभा होता, जवळ यायचं धाडस होत नव्हतं. तिथूनच म्हणाला, "ताई, तो पाइप काढ. आत्ता चालू करतो. माझा काही हट्ट नाही."

"माझा आहे."

"मग बस पाण्यावाचून."

"बसते कशाला? पाणी नसलं की बाईमाणूस भावाकडे जातं. येते तुझ्याकडे."

"ये की! तुला कधी नाही म्हटलंय का मी?" त्याचा चेहरा खुलला. भांडण मिटलं असंच त्याला वाटलं.

मी बादली घेतली, रस्त्याने वळसा घालून वस्तीत गेले आणि इस्त्रीवालीच्या दारात उभी राहिले. ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. कालपासून त्याच्या पोटात चांगलं पाणी गेलं होतं, आणि पहिल्यांदाच ते नीट रडत होतं, अगदी दमदार. पण पातेल्यात पाणी संपत आलं होतं आणि मागे ते गटाराचं वाट बघत होतं. लेक कोपऱ्यात पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होती.

"ऊठ," मी म्हटलं. "बाळाला घे, बाटली घे. शेजारणींना हाक मार, भांडी घेऊन निघायला सांग. माझ्या भावाने मला पाण्याला बोलावलंय."

"तुम्हाला बोलावलंय, बाई. आम्हाला कुठे?"

"मी एकटीने यायचं असं तो म्हणाला नाही."

गल्लीच्या मोठ्या फाटकावरचा रखवालदार आम्हाला बघून खुर्चीवरून उठला. "बाई, एवढे सगळे?"

"पाहुणे आहेत. अध्यक्षसाहेबांकडे."

छोट्याच्या दारासमोर मी रांग लावली. सगळ्यांत पुढे इस्त्रीवाली, खांद्यावर बाळ, हातात बाटली. मागे हमालाची सून, भंगारवाल्या बायका, कुकरवाली पोरगी, अशी रांग थेट माझ्या घरापर्यंत गेली. सगळ्यांत शेवटी मी, माझी निळी बादली घेऊन. पुढून घंटी वाजवली गेली. भावजयीने दार उघडलं आणि तिच्या हातातला कपच निसटला.

ती रांगेच्या कडेने धावत माझ्यापर्यंत आली. "ताई, हे काय? उन्हात कशाला उभ्या? आत चला."

"नको गं. रांग आहे."

मग छोट्या आला. इतकी माणसं बघून आधी त्याचा चेहरा लाल झाला, मग मला रांगेच्या शेवटी बघून पांढरा. "ताई, तू आत ये. पाहिजे तेवढं पाणी घे, टाकी तुझ्याकडे वळवतो."

"माझा नंबर आला की घेईन."

"तुला मुद्दाम मला खाली बघायला लावायचंय."

"मला पाणी प्यायचंय. सकाळपासून एक घोट नाही. रक्तदाबाची गोळी कोरडीच गिळली, अजून इथे अडकली आहे."

"मी दार लावतो!"

"लाव. मी उभी आहे."

त्याने दार लावलं नाही. लावता येईना त्याला. आमच्या आईमागे मी त्याला उपाशी झोपू दिलं नव्हतं, हे त्याला माहीत आणि मलाही. मी त्याचाच फायदा घेत होते. घेते, त्यात काय? माझ्याकडे भाऊ आहे, इस्त्रीवालीकडे नाही. देवाने मला दिलेल्या गोष्टींत तोही धरावा लागतो.

भावजय आतून पेलाभर पाणी घेऊन आली. थंडगार, पेल्याला बाहेरून थेंब सुटलेले. खोटं कशाला सांगू, माझ्या जिभेला नुसतं बघून ओल आली. मी पेला घेतला आणि पुढच्या बाईच्या हातात दिला. तिने माझ्याकडे बघितलं, आणि काय समजायचं ते समजली. तिने तो पुढचीला दिला, पुढचीने तिच्या पुढचीला. हातोहात पेला पुढे जात राहिला. त्या उन्हात त्यातलं कोणी ओठाला लावलं नाही. शेवटी तो इस्त्रीवालीकडे पोचला आणि तिने बाटलीत ओतला. भावजयीने दुसरा पेला आणला. तोही तसाच गेला. तिसऱ्या वेळी ती माझ्याकडे आलीच नाही. पाण्याचा जग घेऊन सरळ रांगेच्या तोंडाशी गेली आणि इस्त्रीवालीची बाटली काठोकाठ भरली. तिथेच पायरीवर बसून दोघींनी पावडर कालवली. बाळ बाटलीला असं लागलं की रांगेतल्या बायका हसायला लागल्या.

छोट्या दारात उभा होता. "तू पण?" तो बायकोला म्हणाला.

"ताईंना चक्कर आली तर मंडळीला तुम्ही काय सांगणार?" ती म्हणाली.

त्याने एकदा रांगेकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग चप्पल न घालताच बागेत उतरला, झाडांचा पाइप ओढत पायरीपाशी आणला आणि हमालाच्या सुनेच्या बादलीत सोडला. "आजच्या दिवस," तो गुरगुरला. "फक्त आजच्या दिवस, सांगून ठेवतो."

"चालेल," मी मागून ओरडले. "उद्या पुन्हा येते. माझं कनेक्शन बंदच आहे."

अर्ध्या तासात त्याचा लेंगा गुडघ्यापर्यंत भिजला. कुकरवाल्या पोरीने त्याला पाइप कसा धरायचा ते सांगितलं आणि तो मुकाट्याने तसं धरायला लागला. पाळक कुठूनसे आले आणि कॅन उचलून देऊ लागले. शेजारच्या एका घराने आपणहून बाहेरचा नळ उघडला. बाकीच्यांनी पडदे लावून घेतले, ते मी लक्षात ठेवलं आहे.

मधेच छोट्याने कपाळावरचा घाम पुसला आणि रांगेच्या टोकाकडे बघत ओरडला, "ताई, अगं तुझा नंबर येणार तरी कधी?"

मी मागे वळून बघितलं. मोठ्या फाटकातून आणखी चौघी हंडे घेऊन आत येत होत्या. मी माझी बादली उचलली, बाजूला झाले आणि त्यांना माझ्या पुढे घेतलं.